"पंप कामाला आलाय" म्हणजे नेमकं काय झालंय?

जुनी जीप यवतेश्वरचा घाट चढताना धापा टाकू लागली, किंवा सकाळी चार-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठेनाशी झाली, की सातारच्या कुठल्याही गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मालक, पंप कामाला आलाय." पंप म्हणजे डिझेल इंजेक्शन पंप. इंजिनच्या अंगाला चिकटलेला आणि चार पोलादी नळ्या बाहेर काढलेला तो जड गड्डा. हे निदान कधी बरोबर असतं, पुष्कळदा नसतं. आणि बरोबर असलं तरी पंप उतरवला, किट टाकलं, परत बसवला, एवढ्यावर गाडी सुधारेलच असं नाही. पैसे जातात आणि धूर तसाच राहतो. वडापवाल्यांना, म्हणजे सवारी भरून जीप चालवणाऱ्यांना, हा अनुभव नवा नाही.

आधी हा पंप केवढ्या मापाचं काम करतो ते पाहू. समजा जीप ताशी ६० किलोमीटरनं चाललीय आणि लिटरला १२ देतेय. म्हणजे तासाला ५ लिटर डिझेल. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतंय. चार सिलिंडर, आणि प्रत्येकाला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल. मिनिटाला ४,८०० पिचकाऱ्या झाल्या, सेकंदाला ८०, तासाला २,८८,०००. पाच लिटरला या आकड्यानं भागलं तर एका पिचकारीच्या वाट्याला सुमारे १७ घन मिलिमीटर डिझेल येतं. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब ५० घन मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे थेंबाचा तिसरा हिस्सा, सेकंदाला ऐंशी वेळा, चारही सिलिंडरांना सारखाच. आणि तोही वेळेवर, कारण या वेगाला क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य शाफ्ट, एक अंश फिरायला सेकंदाचा चौदा हजारावा भागच लागतो. दाबाचं म्हणाल तर हीटर प्लगवाल्या (सुरू करताना थंड सिलिंडर तापवणारे ते हीटर प्लग) जुन्या इंजिनांचा नोझल, म्हणजे पिचकारीचं तोंड, उघडायलाच साधारण ११५ ते १३० बार लागतात (बार हे दाबाचं माप), थेट सिलिंडरात डिझेल मारणाऱ्या इंजिनांना दोनशेच्या वर. टायरमध्ये आपण भरतो ती हवा दोन-अडीच बारची.

किती, केव्हा आणि किती दाबानं, ही तीन कामं. पंपाचा कुठलाही आजार घ्या, तो या तिघांपैकी एकात बसतो. गॅरेजात बोलताना हे डोक्यात ठेवलं की समोरचा अंदाजानं बोलतोय की समजून, हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या जुन्या फोर व्हील गाड्यांत दोन घराण्यांचे पंप सापडतात. एक इनलाइन: प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारं स्वतंत्र एलिमेंट, एका ओळीत मांडलेले, खाली पंपाचा स्वतःचा कॅमशाफ्ट आणि त्याला वंगण म्हणून ऑइल. बॉशनं १९२७ साली हा प्रकार कारखान्यात मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. मर्सिडीझच्या जुन्या डिझेलवरून आलेलं इंजिन ज्या ट्रॅक्समध्ये आहे, तिच्यात हा पंप दिसतो. जड, महाग, पण चिवट. दुसरं घराणं रोटरी पंपांचं. यात डिझेल दाबून चारही सिलिंडरांना वाटायचं काम एकच रोटर किंवा एकच प्लंजर, म्हणजे बारीक दांड्यासारखा पिस्टन, करतो. सीएव्हीचा डीपीए आणि बॉशचा व्हीई हे त्यातले ओळखीचे. महिंद्राच्या जीपमधली प्यूजोवरून आलेली २,११२ आणि २,४९८ सीसीची इंजिनं आपल्या भागात चिकार. मात्र इतक्या वर्षांत कुणाचा पंप कुणाच्या इंजिनावर चढलाय याचा भरवसा नाही, म्हणून पंपाच्या अंगावरची पट्टी वाचायची आणि तिच्यावरचा नंबर लिहून ठेवायचा. पट्टीवर बहुधा मायको असेल. १९५१ साली बंगळुरात उभी राहिलेली ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड म्हणून ओळखली जाते, पण गॅरेजात ती अजून मायकोच आहे.

इथून पुढे मी मुख्यतः व्हीई पंपाबद्दल बोलतो. तो समजला की बाकीचे समजायला सोपे जातात.

त्याचा शाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो. शाफ्टवर आधी एक पात्यांचा छोटा पंप लागतो. टाकीकडून आलेलं डिझेल ओढून तो पंपाचं पोट भरतो आणि पोटातला दाब आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, तीनेक बारपासून वेग वाढेल तसा सात-आठ बारपर्यंत नेतो. पुढे कॅम प्लेट आहे. ही पोलादी चकती, तिच्या तोंडावर चार उंचवटे. ती एका कड्यात बसवलेल्या चार रोलरांवर फिरते आणि गाडीचं चाक स्पीडब्रेकरवर उसळावं तशी प्रत्येक रोलरवर उसळते. तिला जोडलेला प्लंजर त्यामुळे दोन्ही हालचाली एकदम करतो, पुढे-मागे सरकतो आणि फिरतोही. सरकण्यानं डिझेल दाबलं जातं, फिरण्यानं ते कुठल्या सिलिंडरच्या नळीत जायचं ते ठरतं.

किती डिझेल जायचं हे ठरवते प्लंजरवर सरकणारी एक कडी. प्लंजरला आडवं भोक आहे. ते कडीबाहेर आलं की दाब पोटात निसटतो आणि पिचकारी तिथंच तुटते. कडी पुढे असेल तर भोक उशिरा उघडतं आणि डिझेल जास्त जातं. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा डिझेलचा नळ उघडत नसतो. आपण फक्त एका स्प्रिंगवर जोर देतो. समोरून गव्हर्नरची, म्हणजे इंजिनचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाची, फिरणारी वजनं उलटा जोर लावतात आणि दोघांच्या ओढाताणीत कडीची जागा ठरते. वेळेचं गणित पंपाच्या तळाशी आहे. तिथला आडवा पिस्टन पोटातल्या दाबानं सरकतो आणि रोलरांचं कडं किंचित फिरवतो, म्हणजे वेग वाढला की डिझेल थोडं आधी सुटतं. मेकॅनिक ज्याला ॲडव्हान्स म्हणतात तो हा. आता बघा, पात्यांचा पंप झिजला तर पोटातला दाब कमी पडतो, ॲडव्हान्स येत नाही, आणि गाडी आयडलला ठणठणीत पण वेगात मंद होते. अशा पंपाला नवीन रबरं घालून काय उपयोग?

आणि सगळ्यात नाजूक जागा प्लंजर आणि तो ज्यात बसतो त्या हेडची. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन असतो. तिथं रबराचा सील नाही, ती बारीक फट हाच सील. वेगळं ऑइलही नाही, वंगण म्हणून जे आहे ते डिझेलच. त्यामुळे पाणी आणि माती हे या पंपाचे खरे शत्रू. वय नंतर.

आता उतरवण्याआधीचं. पंपाकडे बोट दाखवण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता तपासायचा: टाकीतली जाळी, फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप, नळ्यांचे सांधे. ओढणाऱ्या बाजूच्या सांध्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं आणि छान दिसतं. पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले तर आजार पंपाच्या अलीकडे आहे. व्हीईला आणखी एक खोड आहे. परतीच्या नळीच्या बोल्टला मापाचं बारीक छिद्र असतं आणि त्याच्या डोक्यावर बहुधा इंग्रजीत 'आउट' कोरलेलं असतं. कुणी घाईत तो आणि येणाऱ्या नळीचा बोल्ट अदलाबदल करून बसवले, की पंप उपाशी राहतो आणि पोटातला दाबही उतरतो. हजारोंचं काम निघतं ते एका चुकीच्या बोल्टमुळे. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा. सकाळी डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर असेल तर हीटर प्लग आणि कॉम्प्रेशन. निळसर धुराचा पंपाशी संबंध नाही, ते इंजिन ऑइल जळतंय.

पंप खरंच गेल्याची एक खूण मात्र मला फार भरवशाची वाटते. गाडी सकाळी थंडीत एका सेल्फमध्ये उठते. मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरला पोचते, अर्धा तास थांबते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. पंपाच्या हेडवर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की पुन्हा उठते. कारण साधं आहे. गरम डिझेल पातळ असतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं, सेल्फच्या मंद फिरण्यात नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. थंड झालं की डिझेल थोडं दाट होतं आणि काम भागतं. हा हेड-प्लंजर जोडीचा शेवटचा टप्पा. फडकं ठेवा, पण चालू इंजिनावर बादलीभर पाणी ओतू नका. गरम जोडी अचानक आवळली तर प्लंजर जाम होतो.

पंप खोलायची वेळ आली, तर इथं मी जरा कडक बोलतो: हे काम घरच्या अंगणात करू नका. इंजिन उतरवणारा, गिअरबॉक्स बसवणारा हुशार माणूसही पंपाच्या बाबतीत टेस्ट बेंच, म्हणजे पंप फिरवून डिझेल मोजायचं यंत्र, नसेल तर आंधळा असतो. उतरवणं आणि बसवणं तुम्ही करा, मधलं पंपवाल्याकडे. उतरवण्याआधी बाहेरून पंप आणि नळ्यांचे सांधे स्वच्छ धुवा, पंपाची बॉडी आणि इंजिनाची प्लेट यांवर एक आडवी रेघ कोरा, आणि नळ्या निघाल्या की उघडी तोंडं लगेच टोपण लावून बंद करा. टेपर (निमुळत्या) शाफ्टवरचा गिअर किंवा पुली हातोडीनं ठोकून काढायची नाही, पुलर लागतो. आणि शाफ्टवरची छोटी चावी (गिअर शाफ्टवर अडकवून ठेवणारा पोलादी तुकडा) टायमिंग कव्हरच्या आत पडू द्यायची नाही. पडली तर अख्खं कव्हर उघडावं लागतं.

पंपवाल्याकडे 'किट टाकणं' म्हणजे बहुतेक वेळा ओ-रिंग, वॉशर, शाफ्टचा सील, एवढंच. गळती थांबते, आणि पंप फक्त गळतच असेल तर तेवढं पुरतं. ॲक्सिलरेटरच्या दांड्याची ओ-रिंग आणि बुश हे या वयाच्या पंपांचं नेहमीचं दुखणं. पण ओढ गेली असेल तर आतले लोखंडी भाग बघायला हवेत आणि ते तुम्हाला दाखवायला हवेत. उघडताना समोर उभं राहायला मिळालं तर सोडू नका. प्लंजर आरशासारखा दिसायला हवा. त्यावर उभे ओरखडे असतील तर माती गेलीय, तपकिरी ठिपके असतील तर पाणी. पोटात चांदीसारखी भुकटी सापडली तर कॅम प्लेट, रोलर किंवा पाती खाल्ली गेलीत. रोलरांच्या उंचीतला फरक दोन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त असला तर सिलिंडरांमध्ये वेळेचा फरक पडतो आणि इंजिन आयडलला थरथरतं. हेड आणि प्लंजर एकमेकांसाठी घासून जुळवलेली जोडी असते, एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या हेडमध्ये चालत नाही. प्रत्येक नळीच्या तोंडाशी बसणारे डिलिव्हरी व्हॉल्व्हही आपापल्या जागी परत जायला हवेत. आणि टेबलावर सुती चिंध्या दिसल्या तर मन खट्टू होतं. एक धागा व्हॉल्व्हखाली अडकला की सगळ्या कष्टावर पाणी.

जोडून झालेला पंप बेंचवर चढतो. इथं विजेची मोटर त्याला ठरावीक वेगानं फिरवते. टाकीतल्या डिझेलऐवजी आयएसओ ४११३ प्रकारचं कॅलिब्रेशन ऑइल वापरतात आणि ते चाळीस अंशांच्या आसपास ठेवतात, कारण तापमान बदललं की माप बदलतं. समोर काचेच्या चार नळ्या. ठरावीक स्ट्रोक मारून प्रत्येक नळीत किती सीसी जमलं ते वाचायचं: आयडलला, पूर्ण लोडला, सेल्फच्या वेगाला, आणि गव्हर्नर डिझेल तोडतो त्या वेगाला. सोबत पोटातला दाब आणि ॲडव्हान्सचा पिस्टन किती सरकला हेही. प्रत्येक पंपाच्या नंबरासाठी या आकड्यांचा तक्ता ठरलेला असतो, म्हणूनच तो नंबर लिहून घ्यायचा. कागद मागा. कागद देणारा पंपवाला थोडा महाग पडला तरी चालेल, असं माझं मत. नोझलही त्याच फेरीत तपासून घ्या. नव्या पंपाला गळके नोझल म्हणजे अर्धंच काम.

आता बसवणं. चांगले झालेले पंप पुन्हा बदनाम होतात ते बहुधा इथं.

आधी एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणायचा, म्हणजे हवा दाबून पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना. एक नंबर कुठल्या बाजूचा हे मॅन्युअलमध्ये बघा. प्यूजोच्या पद्धतीत मोजणी फ्लायव्हीलच्या बाजूनं असते आणि रेडिएटरकडून मोजायची सवय असलेला माणूस तिथं हमखास फसतो. मग पंप कोरलेल्या रेघेवर बसवायचा. ती रेघ फक्त सुरुवातीची खूण आहे, कारण आतले भाग बदलल्यावर जुनी रेघ खरी राहीलच असं नाही. खरं माप डायल गेजनं, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकानं. हेडच्या मधोमध एक छोटा प्लग असतो, तो काढून तिथं गेज बसवतात. थंड स्टार्टचा लिव्हर असेल तर तो मोकळा ठेवायचा, नाहीतर माप खोटं येतं. इंजिन हातानं उलटं फिरवून गेजचा काटा सर्वांत खालच्या जागी थांबला की शून्य लावायचं. मग इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं टोकापर्यंत आणायचं आणि प्लंजर किती उचलला ते वाचायचं. आकडा इंजिनाप्रमाणे ठरलेला, साधारण मिलिमीटरच्या आगेमागे. कमी-जास्त असेल तर नट ढिले करून पंपाची बॉडी फिरवायची. शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवली तर टायमिंग आधी येतं. टोक ओलांडलं गेलं तर तिथूनच मागे यायचं नाही. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा सरळ दिशेनं यायचं, म्हणजे गिअरमधली किंवा चेनमधली ढिलाई मापात शिरत नाही.

"आम्ही कानानं लावतो" असं म्हणणारे जुने मिस्त्री आहेत, आणि त्यांच्या कानाला मी नावं ठेवणार नाही. टायमिंग फार आधी असलं तर इंजिन कोरडे ठोके मारतं, फार उशिरा असलं तर पांढुरका धूर, ओढ कमी आणि इंजिन तापतं. पण गेजच्या मापावरून कान थोडं इकडेतिकडे करू शकतो, गेजची जागा घेऊ शकत नाही.

पहिला सेल्फ मारण्याआधी पंपाच्या पोटात स्वच्छ गाळलेलं डिझेल भरायचंच. कोरडा फिरवला तर वंगणाशिवाय फिरवला. तांब्याचे वॉशर नवे. हँड प्रायमरनं फिल्टरपर्यंतची हवा काढा, मग पंपापर्यंतची. नंतर नोझलच्या बाजूचे नट एक-दोन आटे ढिले करून सेल्फ मारा, तिथं डिझेल झिरपू लागलं की आवळा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ ओढू नका, मध्ये मोटरला विश्रांती द्या. चारही नळ्या एकाच लांबीच्या असतात, कारण दाबाची लाट सगळ्यांत एकाच वेळी पोचायला हवी. म्हणून तुटलेल्या नळीच्या जागी दुसऱ्या गाडीची लांब-आखूड नळी वाकवून बसवायची नाही. नळ्यांचे क्लॅम्पही विसरायचे नाहीत, ते नसतील तर थरथरून नळी तडकते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, या वेळी खरंच जिवाच्या. चालू इंजिनावर गळती शोधताना बोट फिरवायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर दुखायची वाट न बघता थेट सर्जनकडे. दुसरं, गव्हर्नर चुकीचा जोडला गेला असेल तर इंजिन सुरू होताच वेडं पळतं आणि चावी बंद करूनही थांबेलच असं नाही. एअर फिल्टरची नळी काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर दाबायला एक जाड फळी हाताशी असू द्या. फळी, हात नव्हे.

गाडी चालायला लागली की कुणीतरी म्हणेल, "स्क्रू जरा मारून देतो, घाटात उडेल." पूर्ण लोडच्या, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या, स्क्रूला सील आणि तार असते ती यासाठीच. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनात डिझेल वाढवता येतं, हवा वाढत नाही. सातारा शहरापेक्षा कास साडेचारशे-पाचशे मीटर उंच आहे, तिथं हवा पाचेक टक्क्यांनी विरळ होते आणि साध्या पंपाला ते कळायचा काही मार्ग नाही. तो तेवढंच डिझेल ओततो. खाली काठावर असलेला स्क्रू वर पठारावर काळा धूर काढतो, लोड असेल तर एक्झॉस्टचं तापमानही चढतं, आणि पीयूसीला जाल तेव्हा परत तोच स्क्रू उलटा फिरवायला त्याच माणसाकडे.

राहिला प्रश्न डिझेलचा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाखांत १० भाग. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं, बीएस-३ मध्ये ३५०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची स्वतःची वंगणशक्तीही कमी होते. रिफायनरी ती भरून काढायला वेगळं रसायन घालतात, त्यामुळे जुन्या पंपवाल्यांनी घाबरून टाकीत दोन लिटर रॉकेल नाहीतर इंजिन ऑइल ओतायची गरज नाही. रॉकेल तर वंगण आणखीच घालवतं. फरक पडतो तो जुन्या रबराला. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेल्या ओ-रिंगा नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि गळायला लागतात. किट घेताना व्हिटॉनच्या, म्हणजे डिझेल सोसणाऱ्या रबराच्या, ओ-रिंगा मागा.

आणि पाणी. पावसाळ्यात उभी राहणारी जीप टाकी भरून उभी करा, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. फिल्टरच्या खालचा बोल्ट महिन्यातून एकदा ढिला करून पाणी काढा. पंप बसवल्यावरचा पहिला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, आणि काही दिवस चालल्यावर पंपाचे नट पुन्हा एकदा पान्यानं बघा. गाडी पुरात उभी राहिली असेल, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कित्येकांच्या राहिल्या तशी, तर आधी सेल्फ मारून बघू नका. टाकी रिकामी करा, नळ्यांतलं सगळं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला, इंजिनचं ऑइल बदला, पंपाच्या पोटात नवं डिझेल भरा, मग सेल्फ.